घोड्याचं बळ, वाघाची अफवा

'ईडी मागे लागली' म्हटलं की आज महाराष्ट्रात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे छापे, नोटिसा आणि पाठोपाठ होणारी पक्षांतरं उभी राहतात. अमेरिकेत मात्र हीच दोन अक्षरं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टीव्हीवरच्या जाहिरातींतून घरोघर पोचली ती एका दुखण्याचं नाव म्हणून. इरेक्टाइल डिसफंक्शन. संभोगापुरती ताठरता न येणं, किंवा आली तरी न टिकणं. १९९२ च्या डिसेंबरात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने 'इम्पोटन्स' हा जुना शब्द टाकून हा नवा वापरावा, अशी शिफारस केली होती. इम्पोटन्स म्हणजे शक्तिहीनता. ती कुठली, किती, कशामुळे आली, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. अख्खा माणूस निकामी ठरवतो आणि मोकळा होतो.

मराठीत अशी परिषद कुणी भरवलेली नाही. त्यामुळे या दुखण्यासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत, त्यांतले बरेचसे एकाच वेळी निदानही आहेत आणि शिवीही.

'नामर्द' घ्या. शब्द फारसी, 'ना' नकाराचा आणि 'मर्द' म्हणजे पुरुष. मर्द आपण इतका आपलासा केला की मर्दानी खेळ, मर्दुमकी यांत कुणाला परकेपणा जाणवत नाही. पण या मर्दाचं मूळ शोधत गेलं तर हाती येतो जुन्या फारसीतला 'मर्तिय'. इराणचा सम्राट दारयवहू याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तो जागोजागी 'माणूस' या अर्थाने येतो. आपला संस्कृत 'मर्त्य' हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे मर्द हा मुळात मरणारा, देव नसलेला जीव. छाती, मिशा आणि ताठा त्याला मागाहून चिकटले. (तालमीतल्या तेलाच्या मर्दनाशी या मर्दाचा संबंध नाही. ते 'मृद्' म्हणजे चुरडणे, रगडणे या धातूवरून आलं. पण मर्दन करून घेणाऱ्याला हे सांगायला जाऊ नये.)

'क्लीब' त्याहून जुना. अर्जुन धनुष्य टाकून बसतो तेव्हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्याच श्लोकात कृष्ण त्याच्या वागण्याला 'क्लैब्य' म्हणतो. हा शब्द किती बोचरा आहे, ते महाभारताचा क्रम लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. युद्धाच्या आधीच विराटाच्या घरी हाच अर्जुन वर्षभर बृहन्नडा होऊन राहिलेला आहे. मित्राने नेमकी ती जागा पाहून टोचलं असणार, असं मला वाटतं. पण इथे शरीराच्या एका अवस्थेचं नाव भित्रेपणाचं नाव म्हणून वापरलं गेलं, आणि ती सवय पुढे कुठल्याच भाषेत सुटली नाही.

'नपुंसक' हा तर व्याकरणात अगदी निरुपद्रवी राहतो. घर, झाड, मूल, पुस्तक सगळी नपुंसकलिंगी, आणि कुणालाही त्याचं वाईट वाटत नाही. तोच शब्द माणसाला लावला की तीन निराळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जातात: तृतीयपंथी असणं, मूल न होणं आणि ताठरता न येणं. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. ज्याला शय्येवर काडीची अडचण नाही त्याच्या वीर्यात शुक्राणू नसू शकतात, आणि ज्याला अडचण आहे तो दोन मुलांचा बाप असतो.

जुने वैद्य मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. चरकसंहितेत क्लैब्याचे प्रकार कारणांवरून पाडलेले आहेत: बीज बिघडल्यामुळे येणारं, ध्वजभंगाने येणारं, म्हातारपणाने येणारं आणि शुक्र क्षीण झाल्याने येणारं. ध्वजभंग हा शब्द तर असा, की त्यावर एखाद्या नाटककाराने जीव टाकावा. आणि उपचाराच्या शाखेला नाव दिलं 'वाजीकरण', आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. वाज म्हणजे बळ, वेग, जोम; तो ज्याच्याकडे आहे तो वाजी, म्हणजे घोडा. माणसाला घोड्याचं बळ आणून देणारं ते वाजीकरण. त्याचा हेतू तिथे प्रामुख्याने संततीचा आहे, आजच्या पाकिटांवरच्या उधळलेल्या घोड्यांनी सुचवलेला नाही. चरकाच्या चिकित्सास्थानातला दुसरा अध्याय याच विषयाचा, आणि सगळ्यांत उत्तम वाजीकरण कोणतं तर मनाजोगती स्त्री, असं तिथे म्हटलं आहे. वाचताना आधी बरं वाटतं, मग लक्षात येतं की स्त्रीची गणना इथे औषधांत झाली आहे, रुग्णांत नाही.

घोडा काष्ठौषधींच्या दुकानातही भेटतो. आस्कंद म्हणजे अश्वगंधा. तिच्या ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो म्हणून हे नाव. शेजारच्या बरणीत कुयलीचं बी. कुयलीच्या शेंगांवरची कुसं अंगाला लागली तर काय होतं, हे रानात वाढलेल्या कुणालाही विचारा. त्या कुसांमुळेच संस्कृतात तिला 'आत्मगुप्ता' म्हणतात, स्वतःचं रक्षण स्वतः करणारी. 'गुप्'चा मूळ अर्थ राखणं; जे राखायचं ते झाकून ठेवायचं, म्हणून पुढे गुप्त म्हणजे लपवलेलं. आणि त्याच गुप्तातून निघाला 'गुप्तरोग', रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेला, देशातला सर्वांत उघडा शब्द. तिसऱ्या बरणीत शिलाजित. त्याचं खरं नाव शिलाजतु. जतु म्हणजे लाख. उन्हाने तापलेल्या खडकातून लाखेसारखा पाझरतो तो शिलाजतु. लोकांच्या तोंडी 'जतु'चा 'जित' झाला, आणि आता तो शिळा जिंकणारा वाटतो. गिऱ्हाइकालाही तसाच वाटायला हवा असतो.

हल्ली मराठी बातम्यांत 'स्तंभनदोष' हा शब्द दिसू लागलाय, बहुधा हिंदीतून. ऐकायला शास्त्रीय आहे, पण फसवा. आयुर्वेदात स्तंभन म्हणजे थांबवणं, रोखणं. रक्त थांबवणारं, जुलाब थांबवणारं औषध ते स्तंभन. शुक्रस्तंभन म्हणजे स्खलन लांबवणं. तंत्रातल्या मारण-मोहनाच्या यादीतलं स्तंभनही शत्रूला जागच्या जागी खिळवणारं. नव्या शब्दाने त्यातला 'स्तंभ' तेवढा उचलला. त्यामुळे जुन्या वैद्याने 'स्तंभनदोष' वाचला तर तो शीघ्रपतनाचं औषध देऊन बसेल. मराठी डॉक्टर सरळ 'ताठरता येत नाही' म्हणतात, ते उत्तम.

आणि या ताठरतेत एक मजा दडलेली आहे. कामेच्छा जागी झाली की मज्जातंतूंच्या टोकांशी नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यामुळे सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढतो, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैल पडतात. ते सैल पडले तरच रक्त आत भरतं. म्हणजे ज्याला आपण शैथिल्य म्हणतो, त्या दुखण्यात खरी अडचण स्नायू पुरेसे शिथिल न होण्याची असते. तो जीएमपी मोडणारं पीडीई-५ हे विकर सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राच्या गोळीतलं औषध, अडवून धरतं. मूळ इच्छाच नसेल तर अडवायला काही उरत नाही, गोळी पोटात जाते आणि काही होत नाही. वर्तमानपत्रं तिला 'कामोत्तेजक' म्हणतात ते यासाठीच चूक. ती उत्तेजित करत नाही.

हे रसायन फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या प्रयोगशाळेत तयार झालं तेव्हा त्याचं नाव यूके-९२४८० होतं, आणि ते हृदयशूळावर चालेल अशी आशा होती. छातीच्या कळांवर फारसा गुण आला नाही, पण वेल्समधल्या मर्थर टिडफिल इथल्या चाचण्यांत भाग घेतलेल्या पुरुषांनी भलताच गुण सांगितला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत परवानगी मिळाली. 'व्हायग्रा' हे नाव ऐकताच भारतात लगोलग अफवा उठली, की ते संस्कृत 'व्याघ्र'वरून घेतलंय. ज्या व्याघ्राचा आपण वाघ केला, त्याच्या शिकारीवर आता अमेरिकन कंपनी निघाली म्हणे. ऐकायला झकास, पुरावा काही नाही. 'व्हिगर' आणि 'नायगारा' यांच्या जोडाचं स्पष्टीकरणही तेवढंच अंदाजी. औषधांची नावं कानाला जोमदार वाटावीत म्हणून घडवलेली असतात, त्यांची व्युत्पत्ती काढणं म्हणजे बाहुलीचा वंशवृक्ष काढणं.

खरी गंमत पुढे झाली. भारतात तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे देशी कंपन्यांनी तोच रेणू आपापल्या नावांनी काढला, आणि व्हायग्राची 'ग्रा' ही शेपटी तोडून प्रत्यय म्हणून लावली. पेनेग्रा, एडेग्रा, सिप्लाची सुहाग्रा. सुहाग्रात कुंकू-मंगळसूत्राचा सुहाग आहे. एवढी घरंदाज गोळी दुसरी नसावी. मराठवाड्यात कारखाने असलेल्या अजंता फार्माने काढली कामाग्रा, आणि हे नाव तर मूळ नावाहून सरस. काम अधिक अग्र असा संधी कुठल्याही शाळकरी मुलाला सोडवता येईल. ब्रिटनमध्ये तिला परवाना नाही, तरी तिथे चोरून ती इतकी खपली की इंग्रजांच्या बोलण्यात 'कामाग्रा' रुळला.

इथे दुकानात मात्र ती नाव घेऊन कुणी मागत नाही. कायद्याने चिठ्ठी लागते. चिठ्ठी क्वचितच असते. माणूस आधी खोकल्याच्या गोळ्या घेतो, शेजारच्या बाई पैसे देऊन बाहेर पडेपर्यंत थांबतो, मग मोबाइलवर पाकिटाचा फोटो दाखवतो. या मुकेपणाची एक किंमत आहे. हृदयशूळासाठी जिभेखाली ठेवायची जी नायट्रेटची गोळी असते, तिची आणि या गोळीची गाठ पडली तर रक्तदाब धाडकन खाली येतो, जिवावर बेततं. म्हणून हृदयाच्या डॉक्टरला हे सांगावंच लागतं. पण सांगायचं तर शब्द हवा, आणि शब्द आहेत ते वर सांगितले तसे. रुग्ण 'अशक्तपणा वाटतो' म्हणतो, फार तर 'जमत नाही'. डोकं दुखणं, तोंड लाल होणं, नाक चोंदणं, कधी सगळं निळसर दिसणं, हे नेहमीचे त्रास. ताठरता चार तास उतरली नाही तर मात्र लाज बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचं.

बायकांचं काय? पुरुषाच्या दुखण्याला शिव्या का होईना, शब्द तरी आहेत. बाईला इच्छा होत नाही याला बोलीत एकच शब्द, 'थंड', आणि तो बहुतेकदा नवऱ्याच्या तोंडचा. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं छापलं, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. एवढं होऊनही घरगुती शब्दकोशात भर पडली नाही. फायझरने बायकांवर व्हायग्रा अजमावून पाहिली आणि २००४ मध्ये नाद सोडला. रक्त भरलं तरी इच्छा येतेच असं नाही, हे तोवर कळलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेत बायकांच्या मंदावलेल्या इच्छेसाठी फ्लिबॅन्सेरिन या औषधाला परवानगी मिळाली तेव्हा पत्रकारांनी लगेच 'बायकांची व्हायग्रा', 'गुलाबी व्हायग्रा' असं बारसं केलं. ते औषध मूळचं नैराश्यावर शोधलेलं, मेंदूवर काम करणारं, रोज रात्री घ्यायचं. व्हायग्राशी त्याचं नातं मथळ्यापुरतं.

नवऱ्याच्या गोळीचा बायकोवर काय परिणाम होतो, हे विचारायलाही वेळ लागला. न्यूझीलंडमध्ये अ‍ॅनी पॉट्स आणि सहकाऱ्यांनी बायकांशी बोलून २००३ मध्ये जे छापलं, त्यात काहींनी या गोळीने जवळीक परत आली असं सांगितलं होतं. पण काहींना तिच्यामुळे नवं ओझं वाटत होतं. गोळी घेतली आहे म्हणजे आता झालंच पाहिजे, गोळी वाया कशी घालवायची. उतारवयात स्पर्शाचं, बोलण्याचं एक निराळं सुख त्यांना सापडलं होतं, ते पुन्हा जुन्या एकाच वाटेला लावलं गेलं.

मराठी बायका हे बोलतच नाहीत असं मात्र नाही. दवाखान्यात त्या 'नामर्द' म्हणत नाहीत, 'ईडी' तर नाहीच. त्या म्हणतात, "त्यांना शुगर निघाल्यापासून ते लवकर झोपतात." मधुमेह याच बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू पोखरतो, आणि ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयाच्या धमन्या अरुंद होऊ लागल्याची पहिली खूण असते. डॉक्टरने या वाक्यावर साखर तपासायला सांगितली, ईसीजी काढला, तर त्याने ते नीट ऐकलं असं समजावं.