सुधारणेच्या दारातून आत आलेले गाणे

कर्जत स्थानकाला खेटून असलेले भिसेगाव आज कर्जत नगरपरिषदेतच मोडते. पुण्याकडे निघालेल्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात, मागून बँकर इंजिने लागतात आणि मग बोरघाटाची चढण सुरू होते. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले तेव्हापासून मुंबई-पुण्यात गाणारे किती गवई आणि किती नाटक मंडळ्या या वाटेने गेल्या असतील! मधल्या गावात उतरायचे मात्र कुणाला फारसे कारण नव्हते. मैफल व्हायची ती मुंबईच्या शेठजींच्या दिवाणखान्यात, नाहीतर पुण्या-मिरजेच्या वाड्यात.

कर्जत-खालापूरच्या खेड्यांना राग भेटला तो देवळात. हरिनाम सप्ताहात पखवाजी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतो, बोटाने चाचपून थोडी काढतो, पुन्हा थापतो. पेटीवर सूर धरला जातो, बुवा भीमपलास किंवा भैरवीत अभंग उचलतात आणि टाळकरी झील धरतात. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना रागाचे नाव सांगता यायचे नाही, पण सूर हलला की माना वळतात. शास्त्रीय संगीत ‘तळागाळात पोचवण्याची’ भाषा आज ऐकू येते तेव्हा हे आधीच पोचलेले गाणे हिशेबात धरले जात नाही. तुरुंगाच्या भिंतीआड गाणे गेले तेही पुष्कळदा याच भजनाचा हात धरून.

त्याआधी गवयाने दिवाणखाना सोडायला हवा होता. ते धाडस कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी केले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून ते बाहेर पडले आणि राजकोटला त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. गाणे ऐकायला सरदाराच्या ओळखीची गरज उरली नाही, चार पैसे पुरले. १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गरीब मुलांना विद्यालयात ठेवून घ्यायचे, वर्षानुवर्षे शिकवायचे आणि प्रचारक म्हणून गावोगाव पाठवायचे, असा त्यांचा ‘उपदेशक वर्ग’ होता. मुंबईची इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली. शिष्य मात्र पांगले आणि कामाला लागले. पलुस्करांच्या कामातली ही बाजू त्यांच्या गायकीइतकीच मोलाची आहे. त्यांनी मैफली वाटल्या नाहीत, शिक्षक वाटले.

त्या शिक्षकांपैकी एक पंडित नारायण मोरेश्वर खरे. गांधीजींना आश्रमासाठी गाणारा माणूस हवा होता आणि पलुस्करांनी खऱ्यांना साबरमतीला पाठवले. ‘आश्रम भजनावली’त संतांची पदे राग-तालाच्या नोंदीसह छापली गेली, त्यामागे खऱ्यांचा हात होता. त्यात मराठी अभंगही आहेत. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा निघाली तेव्हा ते यात्रेत होते आणि वाटेवरच्या भजनांची बाजू त्यांच्याकडे होती. ४-५ मेच्या मध्यरात्री कराडी गावात पोलीस गांधीजींना न्यायला आले. निघण्यापूर्वी गांधीजींनी खऱ्यांना आपले आवडते भजन म्हणायला सांगितले. अटक करायला आलेला अधिकारी भजन संपेपर्यंत ताटकळला. नंतर गाडीने बोरिवलीपर्यंत आणि तिथून मोटारीने गांधीजींना येरवड्याला नेण्यात आले. मुंबईकडून पुण्याची सडक तेव्हा खालापूर तालुक्यातल्या खोपोलीवरूनच घाट चढत असे.

येरवड्यात गांधीजी रोज थोडे थोडे करून भजनावलीतल्या पदांचे इंग्रजी करत बसले. हे भाषांतर त्यांच्या शिष्या मीराबेन यांच्यासाठी होते. १९३४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. कोठडीत ना तंबोरा होता ना पखवाज, तरी खऱ्यांनी लावलेल्या चाली त्या कागदांमागे होत्याच.

दोन वर्षांनी त्याच तुरुंगात एक जिवंत गाणे झाले. २६ सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी उपोषण सोडले तेव्हा कलकत्त्याहून रवींद्रनाथ टागोर आले होते. परचुरे शास्त्रींनी संस्कृत मंत्र म्हटले. कुष्ठरोगामुळे इतर कैद्यांपासून वेगळे ठेवलेले ते सत्याग्रही. टागोरांनी ‘गीतांजली’तले एक गीत म्हटले. मूळ चाल त्यांना आठवेना, म्हणून सुचेल त्या सुरांत ते गायले. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. इतक्या मोठ्या माणसाने ऐन वेळी चाल विसरावी, हा तपशील त्या सगळ्या गंभीर प्रसंगात फार माणसासारखा वाटतो.

हे झाले नामवंत कैद्यांचे. साध्या कैद्याची गोष्ट निराळी. ब्रिटिश हिंदुस्थानात पंजाबसारख्या प्रांतांच्या तुरुंग-नियमावल्यांत मोठ्याने बोलणे, हसणे आणि गाणे एकाच ओळीत निषिद्ध म्हणून नोंदलेले असे. गाणे म्हणजे शिस्तभंग. हा दरवाजा उघडला तो ‘सुधारणा’ या शब्दाने. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, शेती करायची, विश्वासावर राहायचे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांचा हा प्रयोग. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला. वसंत देसाईंनी बांधलेली त्यातली प्रार्थना शाळांत तर गेलीच, पण खऱ्या तुरुंगांतही सकाळी म्हटली जाऊ लागली.

इथेच थोडे अडायला होते. कैद्याला गाणे आवडावे म्हणून ते आत आले नाही. तो सुधारावा म्हणून आले. भजन, प्रार्थना, प्रवचन यांना तुरुंगाधिकारी सहज परवानगी देतात, कारण त्यात संस्कार आहेत. यमनचा नुसता आलाप ऐकून कोण सुधारणार? २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या तुरुंगांत कैद्यांच्या भजन-अभंग स्पर्धा झाल्या. टाळ-मृदंग घेऊन बंदी मंडळींनी तयारी केली. निव्वळ ऐकण्याच्या सुखासाठी झालेल्या कार्यक्रमांची यादी इतकी लांब होत नाही. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत सुरू केलेली ‘स्पिक मॅके’ ही चळवळ हा ठळक अपवाद. तिने शाळा-कॉलेजांबरोबर तिहारच्या तुरुंगातही कलावंत नेले.

मुलांच्या वाट्याला तर याहून कमी आले. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारगृह निघाले, तिथे भर होता हातच्या कामावर. १९२४ चा मुंबई बालक कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये १०१ दिवस काढलेला डोंगरीचा तुरुंग पुढे मुलांच्या रिमांड होमसाठी वापरात आला. कायदा आता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आणि ‘निरीक्षणगृह’ म्हणतो, लोक अजून रिमांड होमच म्हणतात. संस्थांतल्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाचा चाचा नेहरू बाल महोत्सव असतो. त्यात मुले गातात, नाचतात, धावतात. महोत्सव आटोपला की पेटी पुन्हा कपाटात.

व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये गरीब वस्तीतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन दिले आणि २००७ पासून त्याच पद्धतीने तुरुंगात वाद्यवृंद उभे राहिले. ते सगळे रोजच्या तालमीवर चालते, पाहुण्यांच्या मैफलीवर नाही. आपल्याकडे याची जुनी जात गोव्यात सापडते. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. तिथून निघालेली पोरे मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत पोटाला लागली. २००९ मध्ये पणजीत डॉ. लुईस डायस यांनी ‘चाइल्डस् प्ले इंडिया’ काढून वंचित मुलांना पुन्हा ते शिक्षण द्यायला सुरुवात केली.

नुसते जवळ असून भागत नाही, हे कर्जत-खालापूरच्या रायगड जिल्ह्यानेही पाहिले आहे. पनवेलजवळ पळस्प्याला उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी धृपदाचे गुरुकुल उभारले. रुद्रवीणेतला एवढा मोठा माणूस जुन्या पुणे रस्त्यावर शिकवत होता, देशोदेशीचे शिष्य तिथे येत होते. खालापूरकडच्या किती एस.ट्या त्या फाट्यावरून गेल्या असतील. शिकवणारा गावात, शाळेत, कोंडलेल्या पोरांपर्यंत उठून जावा लागतो, आणि तिथे टिकावा लागतो.

टिकण्यात अडचण वेळेची आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून चढत जातात, विशारदपर्यंत पोचायला काही वर्षे घालवावी लागतात. २०१५ चा बाल न्याय कायदा मात्र म्हणतो, मुलाला बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा उभे केल्यापासून चौकशी चार महिन्यांत संपवा. तशी ती संपावीच. म्हणजे निरीक्षणगृहात जाणाऱ्या गाण्याच्या शिक्षकासमोर आज बसलेला मुलगा दिवाळीनंतर असेलच असे नाही. तेवढ्या मुदतीत भूपाचे पाच स्वर, एक सरगमगीत, टाळी-खालीसह तीनतालाच्या सोळा मात्रा आणि एखादा अभंग बसतो. अभ्यासक्रम आखायचा झाला तर तो एवढाच आखता येतो, आणि दर चार महिन्यांनी नव्या मुलांपुढे पुन्हा षड्जापासून सुरू करायची तयारी असलेला पगारी शिक्षक त्यासाठी नेमावा लागतो.