नऊ महिने आणि एक घोट

दिवाळी अंकात मद्याचा विषय! फराळाचे ताट पुढे घेऊन अंक चाळणाऱ्या काकू-मावश्यांनी एवढ्यावरूनच पान उलटू नये, अशी विनंती आहे. मद्य प्यावे की पिऊ नये, हा वाद मला घालावयाचा नाही. तो घालण्यास कीर्तनकारांपासून कायदेमंडळापर्यंत पुष्कळ मंडळी समर्थ आहेत. माझा प्रश्न अगदी घोटभर आहे. गरोदर बाईने कधीमधी, समारंभापुरता, एखादा घोट घेतला तर चालते का?

प्रश्न मुळात माझ्या भाचीचा. ती पुण्यात नोकरी करते, आणि कचेरीच्या मेजवानीत हाती वाइनचा पेला येणे तिच्या पिढीला नवे नाही. "मावशी, डॉक्टरीणबाई नको म्हणतात, मैत्रीण म्हणते एकाने काय होते. तू एवढी जुनी पुस्तके वाचतेस, पूर्वीचे लोक काय म्हणत?" मी काही वैद्य नव्हे, पण पूर्वीचे लोक काय म्हणत, एवढे शोधणे माझ्या आवाक्यातले होते. शोधू लागले तेव्हा दिसले की या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक काळाने छातीठोक उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर ज्ञानापेक्षा त्या त्या काळाच्या मनःस्थितीवर अधिक अवलंबून राहिले आहे.

आरंभ आपल्या घरातूनच करू. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला बाधक अशा गोष्टी सांगितल्या आहेत. चौथ्या अध्यायात वृद्धांचा उपदेश म्हणून काही निषेध येतात: गर्भिणीने तांबडी वस्त्रे नेसू नयेत, वाहनात बसू नये, मांस खाऊ नये, आणि मद आणणारी मद्ये घेऊ नयेत. यादीच्या शेवटी, याखेरीज बायकांना जे काही ठाऊक असेल तेही पाळावे, असा मोठा मनमोकळा शेरा आहे. आपल्या शास्त्रापलीकडे स्वयंपाकघरातही एक शास्त्र असते, हे त्या ग्रंथकाराला मान्य होते! पण खरी गंमत पुढेच आहे. निषेध सांगून झाल्यावर डोहाळ्यांचा विषय निघतो. आणि तिची इच्छा फारच तीव्र असेल तर अहितकर वस्तूसुद्धा हितकर वस्तूत मिसळून द्यावी, इच्छा दडपू नये, असे तोच ग्रंथ सांगतो. म्हणजे नियमही तेथेच आणि त्याची पळवाटही तेथेच.

आठव्या अध्यायात हा विषय पुन्हा येतो आणि तेथे शब्द आहे 'मद्यनित्या', नित्य मद्य पिणारी. अशा स्त्रीचे मूल तहानेने पीडलेले, अल्प स्मरणशक्तीचे किंवा अस्थिर चित्ताचे होते, असे चरक सांगतो. वाचताना मी थबकले. त्याच यादीतील इतर कित्येक ठोकताळे आज कोणी मानणार नाही, हे खरे. म्हणून एका वाक्यावरून 'आमच्या पूर्वजांना सारेच ठाऊक होते' असा डिंडिम मी पिटणार नाही. पण बाईच्या पिण्याचा संबंध मुलाच्या नुसत्या शरीराशी न लावता स्मृतीशी आणि चित्ताशी लावणारा तो निरीक्षक डोळस होता खास. मात्र त्याने 'नित्य' म्हटले. 'कधीमधी' विषयी तो येथे गप्प आहे. आणि माझ्या भाचीचा प्रश्न नेमका त्या गप्पपणात बसलेला आहे.

चरकाला मद्याचे वावडे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. गर्भपातानंतर स्त्रीला तिच्या शक्तीप्रमाणे सुरा, सीधू, अरिष्ट यांपैकी काही पाजावे, असे त्याच अध्यायात आहे. आपल्या घरोघरी बाळंतिणीच्या उशाशी दशमूलारिष्टाची बाटली असते, ती याच परंपरेतली. धायटीची फुले घालून काढा आंबवतात आणि त्यात आपोआप पाच ते दहा टक्के मद्यार्क उतरतो. आमच्या आजीने उभ्या जन्मात दारूच्या बाटलीला स्पर्श केला नाही. पण दशमूलारिष्टाचे झाकण तिने किती सुनांसाठी उघडले असेल, याची गणती नाही! तो मद्यार्क बाळंतपणानंतरचा, हा भेद मात्र ध्यानात ठेवावा. आणि मूल अंगावर पीत असेल तर तोही वैद्याला विचारूनच घ्यावा.

बायबलातला एक दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. सॅमसनच्या आईला देवदूत सांगतो, द्राक्षरस पिऊ नकोस. पण तेथे कारण मुलाच्या प्रकृतीचे नसून व्रताचे आहे. होणारा मुलगा देवाला वाहिलेला, म्हणून आईलाही सोवळे. हा दाखला वैद्यकाच्या खात्यात जमा करणे मला पटत नाही.

वैद्यकाच्या खात्यातली पहिली ठळक नोंद लंडनची आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे जिन नावाच्या स्वस्त दारूचा नुसता पूर लोटला होता. धान्य मुबलक, दारू गाळण्यास जवळजवळ मोकळीक. चांभाराच्या दुकानापासून हातगाडीपर्यंत कोठेही जिन मिळे. आणि ती पुरुषांइतकीच बायकाही पीत. १७२६ साली लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने पार्लमेंटकडे अर्ज केला, आणि या दारूमुळे दुबळी व रोगट मुले जन्मास येत आहेत, असे त्यात बजावले. पार्लमेंटने ऐकले खरे, पण आपल्या पद्धतीने. १७३६ साली विक्रीच्या परवान्याला ५० पौंड फी लावली. परवाने कोणी घेतले नाहीत, चोरटी विक्री वाढली आणि १७४३ साली तो कायदा गुंडाळावा लागला. १७५१ साली अधिक शहाणा कायदा आला. त्याच वर्षी हॉगार्थ या चित्रकाराने 'जिन लेन' हे प्रसिद्ध चित्र छापले. जिन्याच्या पायऱ्यांवर एक झिंगलेली बाई बसली आहे, चिमटीने तपकीर घेते आहे, आणि तिच्या मांडीवरचे मूल कठड्यावरून खाली कोसळते आहे. चित्र विलक्षण प्रभावी आहे. पण या चित्राचा एक जोडीदार आहे, तो लोक विसरतात: 'बिअर स्ट्रीट'. त्यात बिअर पिणारी मंडळी गुबगुबीत, उद्योगी आणि आनंदी आहेत. गरिबाची जिन पाप, बरी परिस्थिती असलेल्याची बिअर पुण्य! आणि पापाचे चित्र काढावयाचे तर मध्यभागी बाई बसवावयाची, हा संकेतही तेथेच पक्का झाला. तो आजतागायत पुरता मोडलेला नाही.

पुढची नोंद तुरुंगातली आहे. विल्यम सलिव्हन हे लिव्हरपूलच्या तुरुंगाचे डॉक्टर. त्यांनी १८९९ साली १२० व्यसनी स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. या स्त्रियांना ६०० मुले झाली होती. त्यांपैकी ३३५ मृत जन्मली किंवा दोन वर्षांची होण्याआधी गेली. एवढ्यावर थांबले असते तर सलिव्हन हे आणखी एक उपदेशक ठरले असते. दारिद्र्याने मेली असतील, आनुवंशिक दोषाने मेली असतील, असे कोणीही म्हणू शकला असता. म्हणून त्यांनी त्याच स्त्रियांच्या न पिणाऱ्या नातलग बायकांची मुले मोजली. तेथे १३८ मुलांपैकी ३३ गेली होती, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. इकडे अर्ध्याहून अधिक. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. आधी मुले गमावलेली एखादी बाई गरोदरपणी तुरुंगात आली, तिची दारू सक्तीने सुटली, की तिला धड मूल होई. कारागृहाच्या भिंतींनी गर्भाचे रक्षण केल्याचे हे उदाहरण इतिहासात विरळाच.

आता वाटेल की प्रश्न सुटला. छे! १९१० साली कार्ल पिअर्सन आणि एथेल एल्डर्टन या संख्याशास्त्रज्ञांनी शाळकरी मुले तपासून, पालकांच्या पिण्याचा मुलांवर ठळक परिणाम दिसत नाही, असा निर्वाळा दिला. मग अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली, फसली आणि १९३३ साली उठली. बंदीबरोबर बंदीवाल्यांचे सारे बोलणेही लोकांना नकोसे झाले. सलिव्हनचे आकडे त्याच गाठोड्यात बांधून माळ्यावर गेले. १९४२ साली हॅगार्ड आणि जेलिनेक या दोघा जाणत्या अभ्यासकांनीही, गर्भाला मद्याने इजा होते ही समजूत निराधार आहे, असेच लिहिले. गर्भाशयातली वार ही भक्कम तटबंदी आहे, असा त्या काळच्या वैद्यकाचा विश्वास होता. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग यांनी दाखवले की गर्भिणीला जर्मन गोवर झाला तर मुलाच्या डोळ्यांत मोतीबिंदू येतो. १९६१ साली थॅलिडोमाइड या औषधाने हातपाय खुरटलेली हजारो मुले जन्मल्याचे उघड झाले. तेव्हा कोठे या तटबंदीला भगदाडे आहेत हे जगाला पटले.

पण मद्याची गोष्ट अजून न्यारीच. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ फुक्स या नामवंत प्रसूतितज्ज्ञांनी अकाली कळा थांबविण्यासाठी गरोदर स्त्रियांच्या शिरेतून थेट मद्यार्क देण्यास प्रारंभ केला! मागचा विचार वेडगळ नव्हता. कळा आणणारा स्राव मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून सुटतो, आणि मद्यार्काने तो रोखला जातो. १९६७ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि उपचार दूरवर पसरला. प्रसूतिगृहाच्या खाटेवर झिंगलेल्या, ओकाऱ्या काढणाऱ्या बायका हे दृश्य पुढे दहा-पंधरा वर्षे तरी दिसत राहिले. वैद्यच सलाइनच्या बाटलीतून दारू चढवीत होते, तेव्हा समारंभातल्या घोटाला हरकत कोण घेणार?

आणि नेमक्या त्याच सुमारास, १९६८ साली, फ्रान्समधील नांत शहरी पॉल लमोआन यांनी मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचे वर्णन छापले. अंगलट खुरटी, चेहऱ्याची ठेवण एकसारखी, बुद्धीची वाढ मागे. निबंध फ्रेंचमध्ये आणि प्रांतिक नियतकालिकात. तो कोणी वाचला नाही. १९७३ साली अमेरिकेतील सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी, लमोआनांची वार्ताही नसताना, आठ मुलांत तीच लक्षणे पाहिली: बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची पन्हळ सपाट झालेली, डोके लहान. मुले निरनिराळ्या वंशांची, पण भावंडे शोभावीत अशी. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे निबंध आले आणि या विकाराला नाव मिळाले. नाव मिळाले की वस्तू दिसू लागते. पुढे कळले की चेहरा अगदी सर्वसाधारण असलेल्या कित्येक मुलांतही स्मरण, एकाग्रता आणि संयम यांची हानी झालेली असते. चरकाच्या त्या ओळीची मला येथे पुन्हा आठवण झाली.

मद्य वार ओलांडते. आईच्या रक्तात जेवढे चढते, जवळजवळ तेवढेच गर्भाच्या रक्तात. आईचे यकृत ते निकामी करते. गर्भाचे यकृत कच्चे असते, त्याला ते जमत नाही. इतके सारे 'नित्य' पिण्याविषयी. आणि 'कधीमधी'?

येथे दोन शहाण्या देशांनी एकच पुरावा पाहून दोन उत्तरे दिली. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी १९८१ साली सांगितले की गरोदर स्त्रीने मुळीच पिऊ नये. ब्रिटनमध्ये मात्र, अगदी घ्यायचेच तर आठवड्यातून एकदोन वेळा, एकदोन मापे (माप म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क) याहून जास्त नको, असा सल्ला २०१६ पर्यंत चालू होता. २०१०च्या सुमारास लंडनमधील अभ्यासकांना तर असे आढळले की थोडी पिणाऱ्या आयांची पाच वर्षांची मुले न पिणाऱ्यांच्या मुलांहून कोठेही मागे नव्हती. वर्तमानपत्रांना आनंद झाला! पण थोडी वाइन पिणाऱ्या त्या आया बहुधा अधिक शिकलेल्या आणि सुस्थितीतल्या होत्या. मुलांचे बरे वाइनने झाले की घरातल्या पुस्तकांनी, हे वेगळे काढणे फार कठीण. २०१७ साली ब्रिस्टलच्या अभ्यासकांनी जगभरचे निबंध एकत्र केले. थोडक्या पिण्याविषयीचा चांगला पुरावा फारच तुटपुंजा निघाला. मूल अपेक्षेहून लहान जन्मण्याचा धोका ८ टक्क्यांनी वाढल्याची खूण मात्र मिळाली. गर्भिणींवर प्रयोग करून घोट मोजणे कोणत्याही सभ्य समाजाला शक्य नाही, त्यामुळे सुरक्षित माप सापडण्याची आशा कमीच.

ब्रिटननेही २०१६ साली 'मुळीच नको' हेच स्वीकारले. पण त्याच सल्ल्यात एक वाक्य आहे, ते मी भाचीला मुद्दाम कळवले. दिवस गेल्याचे कळण्याआधी थोडे घेतले गेले असेल तर बाळाला अपाय होण्याचा संभव कमी. तेथून पुढे बंद करावे आणि काळजी वाटली तर दाई किंवा डॉक्टरांशी बोलावे. 'एक घोट आणि मुलाचा सत्यानाश' असे सांगणारा जसा खोटे बोलतो, तसाच 'एकाने काही होत नाही' असे हमी देऊन सांगणाराही. ज्याचे सुरक्षित माप ठाऊक नाही ते नऊ महिने टाळणे एवढाच हिशेब आहे, आणि तो मला पटला.

अमेरिकेत १९८९ पासून प्रत्येक बाटलीवर गर्भिणीसाठी इशारा छापतात. फ्रान्समध्ये २००७ पासून मजकूर किंवा पेला धरलेल्या गरोदर बाईवर काट मारलेले छोटे चित्र असते. आपल्याकडे २०१९ पासून सक्तीचा झालेला इशारा आरोग्याविषयी आणि पिऊन गाडी न चालविण्याविषयी आहे. गरोदर बाईचा त्यात उल्लेख नाही.