थाळीचे पाय कुणी बांधले?

डिस्क गोल्फची ओळख लवकर उरकतो. झाडाझुडपांच्या मैदानात प्लास्टिकची तबकडी टप्प्याटप्प्याने फेकत न्यायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत घालायची. एड हेड्रिकने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान आखलं, पुढे टोपलीचं पेटंट घेतलं, खेळ जगभर पसरला. ही कथा कुठेही वाचायला मिळते. मला पडलेलं कोडं पहिल्या लांब फेकीआधीच्या तीन-चार पावलांचं आहे.

ती पावलं अशी. खेळाडू उजव्या हाताचा धरू आणि फेक बॅकहँड. उजवा खांदा लक्ष्याकडे. उजवं पाऊल पुढे, मग डावं पाऊल उजव्याच्या मागून आडवं, मग उजवं पुन्हा पुढे टाकून घट्ट रोवायचं. पाय रोवला की आधी कंबर उघडते, मग खांदा, मग कोपर आणि शेवटी मनगट. याला एक्स-स्टेप म्हणतात. परभणीकडे ज्वारी काढलेल्या रानात हे करून बघा. खाली धसकटं असतात, त्यामुळे प्रत्येक पावलाचा हिशोब द्यावा लागतो आणि हा उद्योग पहिल्यांदा कुणाला सुचला, हा प्रश्न अक्षरशः टोचतो.

पहिला संशय थाळीफेकीवर. मायरन या ग्रीक शिल्पकाराचा थाळीफेक्या आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो आहोत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला मूळ ब्राँझ पुतळा नाहीसा झाला, रोमनांनी घडवलेल्या संगमरवरी प्रती तेवढ्या राहिल्या. ब्रिटिश म्युझियममधल्या प्रतीला अठराव्या शतकात डोकं बसवलं, तेही चुकीच्या दिशेने. मूळ मुद्रेत तो मागे थाळीकडे पाहतो, हा बापडा जमिनीकडे पाहत बसला आहे. १८९६ मध्ये ऑलिंपिक नव्याने सुरू झालं तेव्हा प्राचीन ग्रीक थाळी कशी फेकत, हे सांगायला हे दगड होते, भांड्यांवरची चित्रं होती आणि काही जुने उतारे.

दगडाकडे बघून बोहेमियाच्या फ्रांटिशेक यांडा-सुकने ताडलं की हा गडी गिरकी घ्यायच्या बेतात आहे. अख्खं अंग फिरवून थाळी फेकणारा आधुनिक काळातला पहिला खेळाडू म्हणून त्याचंच नाव घेतात. १९०० मध्ये पॅरिसला त्याने रौप्यपदक मिळवलं.

उताऱ्याने मात्र घोळ घातला. तिसऱ्या शतकातल्या फिलोस्ट्रेटसने अपोलोच्या थाळीने मेलेल्या हायसिंथसच्या चित्राचं वर्णन केलं आहे. त्यात थाळी फेकणाऱ्याने उभं राहायच्या जागेबद्दल काही ओळी येतात. त्या मुळातच क्लिष्ट. विद्वानांनी त्यातून पुढच्या बाजूला उतरता चौथरा काढला, आणि १९०६ च्या अथेन्सच्या खेळांत (आज ऑलिंपिक समिती हे खेळ अधिकृत धरत नाही) ‘ग्रीक शैली’ची वेगळी स्पर्धाच ठेवली. चौथऱ्यावर ठरलेल्या पवित्र्यात उभं राहायचं आणि फेकायचं. गिरकी नाही, धाव नाही. पुढच्याच वर्षी इ. नॉर्मन गार्डिनर या ब्रिटिश अभ्यासकाने या वाचनावर लेखणी उगारली. मी गार्डिनरच्या बाजूचा आहे. एवढ्याशा ओट्यावर कोंडून घेऊन कुठला फेक्या खूश राहील? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकनंतर हा प्रकार बंदच पडला.

पण त्या चौथऱ्यावर १९०६ मध्ये पहिला आला तो फिनलंडचा व्हेर्नर यार्विनेन. फेक ३५.१७ मीटर, आणि त्याच्या देशाचं ते पहिलं सुवर्ण. आता त्याच्या घरात डोकावा. मुलगा मात्ती. त्याने थाळी सोडून भाला उचलला, १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला ७२.७१ मीटर फेकून सुवर्ण घेतलं आणि दहा वेळा जागतिक विक्रम केला. त्या वर्षी भाल्याची तिन्ही पदकं फिनलंडने नेली. या फिनिश मंडळींची खूण म्हणजे आडवं पाऊल. धावता धावता अंग वळवायचं आणि मागचा पाय पुढच्या पायावरून ओलांडून टाकायचा. वेग मोडत नाही आणि अंग तिरकंच राहतं. बापाने पाय बांधून थाळी फेकली, लेकाने भाल्याच्या निमित्ताने ते सोडवले. हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालं आहे.

कारण पुढचं गणित जुळतं. ओक ग्रोव्ह पार्क लॉस एंजेलिस परगण्यातच आहे. हेड्रिकचा जन्म १९२४ चा, म्हणजे मात्तीने भाला फेकला तेव्हा पोरगं आठ वर्षांचं. ते प्रेक्षकांत बसलं होतं असा माझा दावा नाही. पण १९२० आणि १९२४ चा भालाफेक विजेता योन्नी म्यूरा हाही फिनिश, आणि तो पॅरिसच्या ऑलिंपिकनंतर मायदेशी न परतता अमेरिकेत गेला आणि १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला. कॅलिफोर्नियाच्या मैदानांत ही पावलं मुरली होती असं धरलं, तर १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने फ्रिस्बी बाजारात आणली, तेव्हा ती हातात घेणाऱ्या पोरांनी पाय कुठून उसने घेतले असतील? माझं उत्तर ठरलेलं आहे.

विरोधक म्हणतील, हे आडवं पाऊल समुद्रकिनाऱ्यावर फ्रिस्बी खेळताना आपोआप घडलं. पाठमोरं होऊन फेकायचं आणि पुढेही सरकायचं, तर मागच्या पायाला ओलांडण्यावाचून गत्यंतरच नाही. मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. दुसरा पक्ष गिरकीवाल्यांचा. डिस्क गोल्फमध्ये काही जण लांब फेकीसाठी पूर्ण गिरकी घेतात, ते यांडा-सुकचे खरे वारस. पण गिरकी ही अडचणीतून काढलेली वाट आहे. थाळीफेकीचं वर्तुळ अडीच मीटर व्यासाचं, त्यातून बाहेर पाय पडला की फेक बाद. डिस्क गोल्फमध्ये ओटा बांधलेला नसेल तिथे फेकरेषेच्या मागे सरळ तीन मीटर जागा मिळते, आणि तबकडी सुटल्यानंतर पाय रेषेपुढे गेला तरी चालतं. एवढी सरळ जागा असताना लक्ष्याकडे पाठ करून भोवरा कोण होईल? शिवाय पुरुषांची थाळी दोन किलोची, ही तबकडी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास.

खरा अडथळा वेगळाच, आणि तो कुणी काढण्याआधी मीच काढतो. भाल्यात पाय पुढून ओलांडतो, बॅकहँडमध्ये मागून. मग नातं कसलं? नातं कंबरेचं. भालाफेक्याला कंबर लक्ष्याकडे आधी न्यायची असते आणि खांदे मागे ठेवायचे असतात, म्हणून पाय पुढून. बॅकहँडमध्ये कंबर लक्ष्यापासून आणखी दूर वळवायची असते, म्हणून मागून. हेतू एकच, चालत्या अंगात पीळ भरणं. फोरहँड फेकताना अनेक जण पाय पुढून टाकतात, कारण तिथे अंगाची ठेवण भाल्यासारखी होते. याहून मोठा पुरावा मला नको.

आमच्याकडचा एक पक्ष अर्थातच गोफणीचा. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावरून पाखरं हाकणारा राखणदार बघितला की सगळ्या फेकी गोफणीतून निघाल्या असं वाटू लागतं. मला पटत नाही. माळ्यावर पाय हलवायला जागाच कुठे असते? राखणदार १९०६ च्या चौथऱ्याचा भाऊबंद, एक्स-स्टेपचा नव्हे.

क्रिकेटचं नातं मात्र आडकाठीच ठरतं. आपल्याकडची पोरं तबकडी हातात येताच वेगवान गोलंदाजाचा रनअप घेतात. गोलंदाज उडी मारून अंग वळवतो, इथे चालत चालत वळायचं असतं. जोरात धावत आलेला पाय रोवताना घसरतो, खांदा लवकर उघडतो आणि तबकडी उजवीकडे सुटते. म्हणून आधी उभ्यानेच फेकायचं. मग फक्त शेवटचं पाऊल. ते जमलं की आडवं पाऊल जोडायचं, सावकाश, आणि वेग शेवटच्या पावलापुरता ठेवायचा. पुढचा पाय लक्ष्याकडे सरळ न रोखता थोडा आडवा रोवायचा आणि तबकडी सुटल्यावर टाचेवर फिरू द्यायचा. टाच अडकली तर सगळा पीळ गुडघ्यात जातो.

टाच अडकवण्यात आपली काळी माती पटाईत. पावसाळ्यात बुटाला चिखलाचे गोळे चिकटतात, उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो. पेरणीआधी रान मऊ असतं तेव्हा पाय खोल रुततो आणि फिरतच नाही. पावलं बसवायची तर सुगीनंतर, धसकटं वेचून, मुरमाड कडेला.