शिजवलेले हिशेब



परवा नातीने विचारलं, "आजी, 'कुक द बुक्स' म्हणजे काय गं? पुस्तकं शिजवतात?" मी हसले. म्हटलं, वह्या शिजवतात. जमाखर्च हवा तसा परतून, फोडणी देऊन लोकांपुढे वाढायचा.

शिजवण्याचा हा अर्थ इंग्रजीत जुना आहे. थॉमस वेंटवर्थ या सरदाराच्या १६३६च्या पत्रात पुरावा 'शिजवल्याची' तक्रार आहे. स्मॉलेटच्या १७५१च्या कादंबरीत तर शिजवलेले हिशेबच येतात. आपल्याकडे सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आहे ना, तेच हे.

पण खरा स्वयंपाकी जॉर्ज हडसन. यॉर्कचा कापडवाला. १८२७ साली नातेवाइकाकडून तीस हजार पौंड मिळाले आणि पुढे तो इंग्लंडचा 'रेल्वे किंग' झाला. खासदारही झाला. त्याच्या कंपन्या भरघोस लाभांश देत, म्हणून लोक शेअर्ससाठी धावत. १८४९ मध्ये भागधारकांनी चौकशी लावली, तेव्हा कळलं की लाभांश नफ्यातून नव्हे, भांडवलातून जात होता. रोजचे खर्च भांडवली खात्यात टाकले की नफा आपोआप फुगतो. म्हणजे आपण एफडी मोडायची आणि घरी सांगायचं, व्याज आलं!

हे मला समजायला हवं होतं. माझ्या विधवा मावशीने एका पतसंस्थेचा अहवाल मला दाखवला होता. मी बी.कॉम.! नफ्याचा आकडा पाहिला, लाभांश पाहिला आणि "ठेव खुशाल" म्हणाले. येणं किती थकलंय, ते पान उलटलंच नाही. दोन वर्षांत संस्था बुडाली. मावशीने मला कधी बोल लावला नाही, पण दागिने विकले.

इंग्लंडमध्ये १८६८च्या कायद्याने रेल्वेचे हिशेब ठरावीक नमुन्यात आले, भांडवल वेगळं आणि महसूल वेगळा. कॉलेजात आम्ही 'डबल अकाउंट सिस्टिम' घोकली ती हीच. तेव्हा मला ती फार कंटाळवाणी वाटायची.

हडसनला पुढे कर्जापायी यॉर्कच्या तुरुंगात राहावं लागलं. १८७१ साली तो गेला. त्याच्या नावाचा रस्ता यॉर्ककरांनी बदलून 'रेल्वे स्ट्रीट' केला होता. गंमत म्हणजे शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याचंच नाव परत दिलं. नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "का?" मला उत्तर देता आलं नाही.