बॅकगॅमन : दुपटीचा फासा आणि गुणांचा सामना

बॅकगॅमन हा दोघांनी खेळावयाचा फासे व सोंगट्यांचा बैठा खेळ होय. पटावर २४ त्रिकोणी घरे असून प्रत्येक खेळाडूजवळ १५ सोंगट्या असतात. दोन फाशांच्या दानानुसार त्या शेवटच्या सहा घरांत आणून पटाबाहेर काढावयाच्या असतात व ज्याच्या सर्व सोंगट्या प्रथम बाहेर पडतात, तो बाजी जिंकतो. हरणाऱ्याने तोवर एकही सोंगटी बाहेर काढलेली नसल्यास ‘गॅमन’ होऊन विजय दुप्पट मोजला जातो. त्यातच त्याची एखादी सोंगटी विजेत्याच्या अखेरच्या घरांत किंवा मधल्या पट्टीवर अडकून राहिली असेल, तर ‘बॅकगॅमन’ होऊन तो तिप्पट धरतात. खेळाच्या या सांगाड्यात विसाव्या शतकात एका घनाची भर पडली आणि फाशांच्या या खेळाचे स्वरूप पालटले.

या कुळातील खेळ फार जुने आहेत. रोमन लोकांचा ‘टॅब्युला’ व इराणातील ‘नर्द’ ही त्यांची प्रसिद्ध रूपे होत. भारतातून आलेल्या बुद्धिबळाला उत्तर म्हणून बुजुर्गमिहिर या इराणी मंत्र्याने नर्द रचला, अशी कथा पहलवी भाषेतील एका ग्रंथात आहे. ती इतिहास म्हणून घेता येत नाही. तथापि सोंगटी या अर्थाचा ‘नरद’ हा मराठी शब्द त्याच फार्सी परंपरेतून आलेला आहे. बायझंटिन सम्राट झीनो (कार. ४७४–४९१) याची एक दुर्दैवी बाजी अगाथियस या सहाव्या शतकातील कवीने नोंदवून ठेवली आहे. तीन फाशांवर २, ५ व ६ असे दान पडले आणि सम्राटाची उत्तम मांडणी विस्कटून त्याच्या आठ सोंगट्या एकेकट्या, उघड्या पडल्या. त्या काळच्या खेळाडूला पडलेले दान निमूटपणे खेळण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपली बाजू वरचढ असताना प्रतिपक्षाला ‘पैज वाढव, नाहीतर बाजी सोड’ असे बजावण्याची सोय खेळात नव्हती.

ही सोय १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये निघाली. ती कोणी काढली, त्या व्यक्तीचे नाव इतिहासाला अज्ञात आहे. पैज किती वेळा दुप्पट झाली, याची नोंद आरंभी आगकाड्या मांडून ठेवीत. पुढे २, ४, ८, १६, ३२ व ६४ हे अंक कोरलेला घन त्यासाठी वापरात आला. इंग्रजीत त्याला ‘डबलिंग क्यूब’ म्हणतात. तो फाशासारखा दिसत असला, तरी फेकावयाचा नसतो. न्यूयॉर्कच्या रॅकेट अँड टेनिस क्लबच्या समितीने १९३१ मध्ये खेळाचे नियम संहिताबद्ध केले.

घन आरंभी मध्यभागी असतो. कोणताही खेळाडू आपल्या पाळीस, दान टाकण्यापूर्वी, दुपटीचा प्रस्ताव ठेवू शकतो. प्रतिपक्षाने तो नाकारल्यास बाजी तेथेच संपून त्याला चालू पैज द्यावी लागते. स्वीकारल्यास घन त्याच्या ताब्यात जातो व पुढची दुप्पट करण्याचा हक्क केवळ त्याचाच राहतो.

दुप्पट केव्हा स्वीकारावी, याचे मूळ गणित सोपे आहे. एकच स्थिती १०० वेळा खेळली असे मानू. प्रत्येक वेळी नकार दिल्यास १०० गुण जातात. स्वीकार केला आणि त्यांतील २५ बाज्या जिंकल्या, तर ५० गुण मिळतात आणि ७५ बाज्यांत १५० गुण जातात. म्हणजे निव्वळ तोटा पुन्हा १०० च. याचा अर्थ असा, की चारांत एक बाजी जिंकण्याची आशा असलेल्या खेळाडूने दुप्पट नाकारू नये. आपण हरणार हे दिसत असतानाही पैज वाढवू द्यावयाची, ही गोष्ट नवशिक्याच्या मनाला पटत नाही आणि बहुतेकांची पहिली मोठी चूक येथेच होते. प्रत्यक्षात ही मर्यादा थोडी खालीवर सरकते. घन हाती आल्याने पुढे उलट दुप्पट करता येते, म्हणून पाव हिश्श्याहून कमी आशाही पुरते. एमेट कीलर व जोएल स्पेन्सर यांनी १९७५ मध्ये, बाजीचे पारडे अखंडपणे व बारीक पावलांनी हलते असे गृहीत धरून, ही मर्यादा २० टक्के असल्याचे दाखविले. खऱ्या खेळात एकेक दान मोठी उडी मारते. त्यामुळे उत्तर या दोन आकड्यांच्या दरम्यान पडते. गॅमनची भीती असेल, तर मात्र ते वर सरकते.

दुप्पट केव्हा द्यावी, हा प्रश्न अधिक बिकट आहे. शेवटच्या दानाची स्थिती त्यातल्या त्यात स्पष्ट असते. एका खेळाडूच्या दोनच सोंगट्या, पाचव्या व दुसऱ्या घरात, उरल्या आहेत आणि प्रतिपक्ष पुढच्या पाळीला निश्चित सुटणार आहे, असे समजू. ३६ संभाव्य दानांपैकी १९ दाने दोन्ही सोंगट्या बाहेर काढतात. पारडे जेमतेम झुकलेले असले, तरी दुप्पट देणे हेच योग्य. कारण यानंतर घनाचा उपयोग कोणालाच नाही. निव्वळ शर्यतीसाठी खेळाडू एक ठोकताळा वापरतात : पुढे असलेल्याला १०० घरांची चाल उरली असता प्रतिपक्षाला १०८ उरल्यास प्रथम दुप्पट द्यावी, घन आपल्याकडे असल्यास १०९ पर्यंत थांबावे आणि प्रतिपक्षाने ११२ पर्यंत ती स्वीकारावी. सोंगट्या एकमेकींत गुंतलेल्या असताना असा ठोकताळा चालत नाही. तेथे किट वुल्सी यांचा दंडक उपयोगी पडतो. प्रतिपक्षाने दुप्पट स्वीकारावी की नाकारावी, याबद्दल आपल्यालाच शंका असेल, तर ती अवश्य द्यावी. अपवाद एवढाच, की गॅमनची दाट शक्यता असल्यास घनाला हात न लावता बाजी पुढे खेळणे अधिक लाभाचे ठरते.

ठरावीक गुणसंख्येच्या सामन्यात हे सर्व हिशेब बदलतात, कारण तेथे प्रत्येक गुणाचे मोल सारखे नसते. सात गुणांच्या सामन्यात ५–५ अशी बरोबरी असताना दुप्पट नाकारणारा ५–६ असा मागे पडतो. यानंतरच्या बाजीत क्रॉफर्ड नियमानुसार घन वापरता येत नाही. जॉन आर. क्रॉफर्ड यांच्या नावाचा हा नियम असा, की एखादा खेळाडू विजयापासून एका गुणावर प्रथम येतो, त्याच्या लगेच पुढची बाजी घनाविना खेळावी. मागे पडलेल्याला आता लागोपाठ दोन बाज्या जिंकाव्या लागतात. म्हणजे सामना जिंकण्याची शक्यता २५ टक्के. एखादे गॅमन साधून एकाच बाजीत सामना मिळण्याची शक्यता धरली, तर ती सु. ३० टक्के होते. दुप्पट स्वीकारल्यास मात्र संपूर्ण सामना याच बाजीवर ठरतो. म्हणून पैशाच्या खेळात २७ टक्क्यांवर बिनधोक स्वीकारावयाची स्थिती येथे सोडून देणे भाग पडते.

क्रॉफर्डची बाजी संपल्यावर पिछाडीच्या खेळाडूने पहिल्याच संधीला दुप्पट द्यावी. एक गुण जावो वा दोन, सामना जाणारच असतो. त्याला आणखी दोनच गुण हवे असल्यास आघाडीच्या खेळाडूला एक नकार जवळजवळ फुकट मिळतो : प्रतिपक्षाचे पहिले दान उत्तम पडले, तर त्याने ती बाजी सोडून बरोबरीने अखेरची बाजी खेळावी. घन न फिरविता गॅमनचे जादा गुण न देणारा जॅकोबी नियम पैशाच्या खेळापुरता असून तो सामन्यात लागू होत नाही.

सामन्याच्या या गणिताला महत्त्व आले, ते स्पर्धांमुळे. रशियातून आलेले प्रिन्स अलेक्सिस ओबोलेन्स्की यांनी १९६४ मध्ये बहामा बेटांवर स्पर्धा भरविली आणि मंदावलेल्या खेळाला पुन्हा तेजी आली. ऑस्वल्ड जॅकोबी व क्रॉफर्ड यांचे पुस्तक १९७० मध्ये, तर पॉल मॅग्रिएल यांचे १९७६ मध्ये निघाले. अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाचे पाऊल बिल रॉबर्टी यांनी टाकले. ली गेनुड व जो ड्वेक यांच्या १९८१ च्या जागतिक अंतिम सामन्यावर त्यांनी टीपांसह स्वतंत्र पुस्तक लिहिले. बुद्धिबळाला लाभलेले नोंदींचे साहित्य या खेळाला यानंतरच मिळू लागले. हा खेळ दैवाचा की कौशल्याचा, हा वाद न्यायालयातही गेला. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील एका न्यायालयाने १९८२ मध्ये तो कौशल्याचा असल्याचा निर्णय दिला.

त्या वादात संगणकाने निराळीच भर घातली. हान्स बर्लिनर यांच्या बीकेजी ९.८ या कार्यक्रमाने जुलै १९७९ मध्ये जगज्जेता लुइगी व्हिला याला ७–१ असे हरविले. पण व्हिलाचा खेळ अधिक अचूक होता व दाने मात्र कार्यक्रमाला अनुकूल पडली, हे बर्लिनर यांनीच मान्य केले. आयबीएममधील जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन (१९९२) स्वतःशी लक्षावधी बाज्या खेळून शिकला. सोंगट्यांच्या चाली त्याने स्वतः आत्मसात केल्या. दुपटीच्या निर्णयासाठी मात्र नॉर्मन झादे व कोब्लिस्का यांचे १९७७ मधील सूत्र त्याला पुरवावे लागले. यामागे एक कारण होते. दोन चालींतील बरी कोणती, हे ठरविताना दोन्हींच्या अंदाजांत सारखीच चूक असली, तरी निवड बिघडत नाही. घनाच्या बाबतीत तुलनेला दुसरी स्थितीच नसते. जिंकण्याचा आकडा मुळातच बरोबर यावा लागतो. म्हणूनच जेलीफिश, स्नोई व एक्स्ट्रीम गॅमन (२००९) या पुढील कार्यक्रमांवर शंकास्पद स्थिती हजारो वेळा अखेरपर्यंत खेळवून उत्तर काढण्याची पद्धत रूढ झाली. पूर्वी खेळाडू हेच काम हातांनी फासे टाकून, कित्येक दिवस बसून करीत.