निर्णयाचे प्रकार आणि पांझरेचे फड

‘निर्णय’ हा शब्द आपण इतका सैलपणें वापरतों कीं, त्यांत परस्परांहून भिन्न असे प्रश्न दडलेले असतात हें ध्यानांत येत नाहीं. हातीं असलेले पर्याय, हातीं नसलेली परिस्थिति आणि दोहोंच्या संयोगानें मिळणारें फळ, एवढ्यांनीं निर्णयाचा प्रश्न बनतो. परिस्थिति ठाऊक असेल तर तो निश्चितीचा. तिचा संभव आंकड्यांत मांडतां येत असेल तर जोखमीचा. तेंही अशक्य असेल तर अनिश्चितीचा. शेवटच्या दोहोंतील भेद अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यानें १९२१ मध्यें स्पष्ट केला.

जुन्या पश्चिम खानदेशांत, आजच्या धुळें जिल्ह्यांत, पांझरेच्या कांठीं हे प्रश्न त्याच्या कितीतरी आधींपासून सोडविले जात होते. बंधाऱ्याच्या पाटाखालील जमिनीचे तीन-चार मोठे भाग करीत, तेच फड. एका फडांत एका हंगामीं एकच पीक, आणि सामान्यतः प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडांत. कोठें ऊंस, कोठें गहूं, कोणता फड कोरडा, हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. मग पाणी द्यावयाचें तें पाटकऱ्यानें.

गव्हाचा प्रश्न त्यांतल्या त्यांत सोपा. पावसाळा सरतां सरतां नदींतील पाणी डोळ्यांना दिसतें. निर्णय लांबविल्यानेंच अनिश्चिति बरीच ओसरते. ऊंस मात्र पुढचा सबंध उन्हाळा गृहीत धरतो. येथें अब्राहम वॉल्ड या गणितज्ञाचा नियम आठवतो: प्रत्येक पर्यायाचा वाइटांत वाइट परिणाम पाहावा, व त्यांतला जो बरा तो घ्यावा. गांवकरी अगदीं याच नियमानें चालत असें मी म्हणणार नाहीं. ऊंसाचा मोह कोणास नसतो!

पण खरा पेंच निराळाच. वरच्या शेतकऱ्यानें ऊंस लावला तर खालच्याचें शेत सुकणार. प्रतिपक्ष येथें निसर्ग नसून शेजारी आहे. १९४४ मध्यें फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनीं अशा प्रश्नांचें गणित ग्रंथरूपानें मांडलें. फडानें तो प्रश्न जमिनीच्या वांटणींतच मिटविला होता: कोरडा फड सर्वांचाच, म्हणून झीजही सर्वांची.

कोरडवाहू कापसास असा आधार नव्हता. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें भाव चढविले, खानदेशानें कापूस वाढविला, आणि युद्ध संपतांच भाव कोसळले. तेथें ज्याची झीज त्यालाच सोसावी लागली. पुढें फडांतही विहिरी झाल्या. विहीरवाला आपलें पीक स्वतः निवडूं लागला, आणि पाटकऱ्याच्या पाळीची त्यास गरज उरली नाहीं.