पस्तिसावी स्क्वॉड्रन आणि दाबोळीची धावपट्टी

भारतीय हवाई दलाची ३५ वी स्क्वॉड्रन ही त्या काळी पुण्याच्या लोहगाव तळावरील कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांची तुकडी होती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही ती उतरली; पण तिची योग्यता जोखायची तर १८ डिसेंबर १९६१ ची दाबोळीवरील स्वारी पाहावी. गोवामुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. त्यांना मिळालेला आदेश नेमका होता: गोव्यातील एकमेव विमानतळ निकामी करायचा, मात्र टर्मिनलच्या इमारतीला आणि इतर सोयींना धक्का लागता कामा नये. त्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी ६३,००० पौंड स्फोटके धावपट्टीवर टाकली. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या १६ व्या स्क्वॉड्रनच्या ८ कॅनबेरांनी तीच धावपट्टी पुन्हा फोडली. बॉम्बफेकी तुकडीची कामगिरी टाकलेल्या वजनावरून मोजली जाते; दाबोळीत ती काय शाबूत राहिले यावरून मोजणे अधिक न्याय्य आहे.

यावर पहिला आक्षेप असा की धावपट्टी पुरती निकामी झालीच नाही. तेथे उभी असलेली सुपर कॉन्स्टेलेशन आणि डीसी-४ ही दोन नागरी विमाने त्याच रात्री काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कराचीकडे निसटली, हे खरेच आहे. पण कामगारांनी घाईघाईने डागडुजी केलेल्या धावपट्टीच्या एका तुकड्यावरून ती कशीबशी उडाली. लिस्बनहून कुमक उतरवण्याजोगे तेथे काही उरले नव्हते, आणि हल्ल्याचा हेतू तोच होता. निसटली ती कुटुंबे. त्यांचा जीव वाचला याला अपयश म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोव्यात पोर्तुगीजांकडे लढाऊ विमाने नव्हती, विमानवेधी तोफाही मोजक्या आणि जुनाट. मग यात शौर्य ते कोणते? वैमानिकांना धोका कमी होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु अडवणारे कोणी नसताना सगळा विमानतळ मातीला मिळवणे सोपे होते, आणि खालचे गोमंतकीय लवकरच भारताचे नागरिक होणार होते. या स्क्वॉड्रनने आदेशाची मर्यादा पाळली, म्हणून तिची ही कामगिरी मोठी.

पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांचा हुकूम अखेरपर्यंत लढण्याचा होता. तरी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. १९६२ मध्ये दाबोळी नौदलाच्या ताब्यात आला. आज तेथे ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ असून त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानेही ये-जा करतात.